टेकडी पाचशे मीटरची, दिवस साडेसात तासांचा

प्रश्न: आम्ही सात मित्रमैत्रिणी एडिनबर्गमध्ये राहतो. बहुतेकांनी पुण्यात असताना राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड केलेले आहेत. दोघं मात्र ऑक्टोबरमध्येच भारतातून आलेत आणि एका मैत्रिणीची दहा वर्षांची मुलगीही सोबत असेल. संक्रांतीच्या आसपासच्या शनिवारी शहराशेजारच्या पेंटलंड टेकड्यांवर जायचा बेत आहे. कडाक्याची थंडी, गवतावर पांढरं गोठलेलं दंव आणि वर निळं आकाश असा दिवस हवाय. टेकड्या जेमतेम पाचशे-साडेपाचशे मीटरच्या आहेत, त्यामुळे कोणालाच फारशी काळजी वाटत नाही. तरी कपडे, बूट, खाणं आणि वेळ यांचं नेमकं काय करावं? नवख्यांना न्यावं का? – एक वाचक, एडिनबर्ग

उत्तर: नवख्यांना जरूर न्या. असा दिवस तिकडच्या हिवाळ्यात मोजकेच वेळा मिळतो आणि तो घरात बसून घालवू नये. फक्त आखणी माथ्यापासून करू नका, उतरणीपासून करा. किती वाजता, कुठल्या बाजूने आणि कशा जमिनीवरून खाली यायचं हे आधी ठरवा. चढायचं किती, ते त्यावरून आपोआप ठरतं.

सह्याद्रीची सवय असलेल्यांना हे उलटं वाटेल. आपल्याकडे हिवाळा हाच ट्रेकचा मोसम. डिसेंबरातही पुण्यात अकरा तासांचा दिवस असतो आणि चिंता असते ती उन्हाची आणि पाण्याची. एडिनबर्ग जवळपास 56 अंश उत्तर अक्षांशावर आहे. संक्रांतीच्या सुमाराला तिथे साडेआठनंतर सूर्य उगवतो आणि चार वाजून गेले की मावळतो. म्हणजे दिवस साडेसात तासांचा. त्यातही भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम तेरा अंश वर असतो. याचा थेट अर्थ असा, की उत्तरेकडे तोंड असलेल्या आणि तेरा अंशांहून तीव्र अशा कुठल्याही उतारावर दिवसभरात ऊन पडतच नाही. तिथे रात्री गोठलेलं तसंच राहतं. दक्षिणेकडचा उतार मात्र अकरा-बारानंतर वरच्यावर वितळतो. खालची माती कडक गोठलेली आणि वर बोटाच्या पेराएवढा चिखल, हे दुपारचं सगळ्यात फसवं मिश्रण. पाणी खाली मुरू शकत नाही, त्यामुळे तो थर बुटाखालून निसटतो. सकाळी चढताना जी वाट दगडासारखी पक्की वाटली, तिच्यावरूनच एक वाजता माणसं घसरतात.

तुमच्यासाठी वाट सुचवायची तर फ्लॉटरस्टोनहून सुरुवात करा. ए702 रस्त्यालगत तिथे गाड्या लावायची जागा आहे. तिथून टर्नहाउस हिल (506 मीटर), पुढे कार्नेथी हिल (573 मीटर), मग कार्नेथी आणि स्कॉल्ड लॉ यांच्यामधल्या खिंडीत उतरायचं. या खिंडीतून जुना कर्क रोड जातो. त्याने उत्तरेकडे लोगनली जलाशयावर या आणि ग्लेनकोर्स जलाशयाच्या कडेच्या डांबरी रस्त्याने परत फ्लॉटरस्टोन गाठा. साधारण दहा-अकरा किलोमीटर आणि साडेचारशे मीटरच्या आसपास चढ. स्कॉल्ड लॉ (579 मीटर) हा पेंटलंडचा सर्वोच्च माथा खिंडीतून हाकेच्या अंतरावर दिसतो आणि सगळ्यांना मोह होतो. जाऊन येऊन आणखी पाऊण तास तरी लागतो. आठ जणांच्या, त्यात एक मूल असलेल्या गटाने जानेवारीत तो सोडून द्यावा. एप्रिलमध्ये तो तिथेच असेल.

वेळेचा हिशोब नेस्मिथच्या नियमाने करा. या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला हा नियम आजही वापरतात: सपाटीला दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 300 मीटर चढाला अर्धा तास जादा. या वाटेला त्याप्रमाणे पावणेतीन-तीन तास होतात. पण तो हिशोब तरतरीत माणसाचा, कोरड्या वाटेचा आणि न थांबता चालण्याचा आहे. गोठलेली जमीन, आठ जण आणि थर्मास उघडायची वेळ धरून त्यात निम्मी भर घाला, वर अर्धा तास हाताशी ठेवा. म्हणजे पाच तास. साडेनऊला चालायला लागलात तर अकराला टर्नहाउस, बाराला कार्नेथी, साडेबाराच्या सुमाराला खिंड आणि अडीचला गाडीपाशी. अंधाराआधी दीड तास शिल्लक राहतो. तो कोणाचा पाय मुरगळला तर लागणार आहे, वर रेंगाळण्यासाठी नाही. साडेबारापर्यंत कार्नेथीचा माथा आला नाही, तर खिंडीकडे न जाता आल्या वाटेने परत फिरा. ही वेळ गाडीपाशीच सगळ्यांना सांगून ठेवा. माथ्यावर बसून ठरवायला गेलात तर निर्णय नेहमी उत्साही माणसाच्या बाजूने लागतो.

आता हवामान. तापमानाचा आकडा बघून बेत ठरवू नका. उणे चार अंश, पण आठवडाभर कोरडं, असा दिवस उत्तम. उणे एक, पण आदल्या संध्याकाळी पाऊस पडून रात्री आकाश निवळलेलं, असा दिवस वाईट. कारण वाटेवरचं सगळं पाणी काचेसारखं गोठलेलं असतं. आणि सगळ्यात वाईट, गोठलेल्या जमिनीवर उबदार हवेची पट्टी पाऊस घेऊन येणार असेल तो दिवस. पडता पडताच पाऊस दगडावर गोठतो. असा अंदाज असेल तर त्या दिवशी टेकडी नको. म्हणून शुक्रवारी रात्री तीन गोष्टी बघा: शेवटचा पाऊस कधी पडला, माथ्यावरचा वारा किती, आणि दुपारनंतर हवा बदलणार आहे का. मेट ऑफिस, म्हणजे ब्रिटनचं हवामान खातं, डोंगरांसाठी वेगळा अंदाज देतं, तो वाचा, शहराचा नको.

वाऱ्याची किंमत समजून घ्या. उणे दोन अंश तापमानात ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे नऊसारखं लागतं. पेंटलंडच्या धारेवर आडोसा नाही. पण वारा नसलेल्या स्वच्छ रात्रीनंतर याच्या उलटही होतं. एरवी दर 300 मीटरला तापमान साधारण दोन अंशांनी उतरतं; अशा रात्री मात्र थंड, जड हवा दरीत साचते. खाली गाडीपाशी उणे सहा आणि धुकं, तर माथ्यावर शून्य आणि लख्ख ऊन. म्हणून खालचा गारठा बघून सगळे कपडे अंगावर चढवून निघू नका.

कपड्यांचा मूळ मुद्दा घामाचा आहे. सह्याद्रीत घाम आला तर पाणी पितो आणि पुढे निघतो. इथे चढताना भिजलेला बनियन माथ्यावर पाच मिनिटांत बर्फासारखा लागतो, आणि आठवडाभराच्या सर्दीपेक्षा जास्त त्रास देऊ शकतो. अंगालगत पातळ मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा टीशर्ट. त्यावर फ्लीस. त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. जाड, पिसांचं किंवा कृत्रिम भरावाचं जॅकेट पाठपिशवीत सगळ्यांत वर. ते चालताना घालायचं नाही, थांबताना घालायचं. आणि थांबल्यावर थंडी वाजायची वाट बघायची नाही, पिशवी खाली ठेवली की लगेच. निघताना थोडं कुडकुडायला हवं. दहा मिनिटं चालल्यावर सगळ्यांनी मिळून एकदा थांबा आणि एक थर काढा. हा थांबा कोणीतरी जाहीर करावा लागतो, नाहीतर नवखी माणसं संकोचाने तशीच घामेजून चालत राहतात.

जीन्स नको, सुती लेगिंग नको, सुती मोजे तर अजिबात नकोत. भारतातून आलेल्या दोघांना सांगायची दुसरी गोष्ट म्हणजे दोन जोड मोजे कोंबून बूट घट्ट करू नका. पायाला रक्त पोचलं नाही की बोटं जास्त गारठतात. एकच जाड लोकरी जोड, आणि बुटात बोटं हलतील एवढी जागा. हातांना आत पातळ हातमोजे आणि वर एकाच पिशवीत चार बोटं राहतील असे जाड मिटन. गटामागे दोन जादा जोड न्या, कारण एक तरी मिटन उडून जातो. कानटोपी, आणि मफलरऐवजी गळ्यात ओढून घ्यायची नळीसारखी पट्टी; मफलर काठीत, बंदात अडकतो.

बूट. सह्याद्रीतले हलके कापडी ट्रेकिंग शूज कातळावर छान धरतात, पण गारठ्यात त्यांचं रबर कडक होतं आणि तळाचे खाचे झिजलेले असतील तर गोठलेल्या गवतावर काहीच पकड राहत नाही. घोट्यापर्यंत येणारे, खोल खाचांचे बूट हवेत. त्याशिवाय मायक्रोस्पाइक्स माणशी एक जोड. म्हणजे बुटावर ताणून चढवायचा रबरी पट्टा, खाली साखळ्या आणि त्यांना सेंटीमीटरभर पोलादी काटे. बूट घेतलात त्याच दुकानात मिळतात. बुटाच्या मापाचेच घ्या, सैल असले की काटे एका बाजूला सरकतात. आणि घरी, हातमोजे घालून, दोनदा चढवून-उतरवून बघा. ते पिशवीच्या तळाशी ठेवण्यात अर्थ नाही. पहिलं बर्फाळ ठिकाण ओलांडून झाल्यावर कोणी थांबून ते शोधत नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी पडतं.

पण त्यांची मर्यादाही लक्षात असू द्या. वाटेवरचा बर्फ, गोठलेली माती, दबलेलं पातळ हिम, एवढ्यांसाठी ते आहेत. तीव्र उतारावर कडक झालेलं हिम असेल तर क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब, टोकदार काटे), बर्फकुऱ्हाड आणि ती वापरायचं शिक्षण लागतं. तसा पट्टा समोर आला तर मायक्रोस्पाइक्स आहेत म्हणून पुढे जाऊ नका, परत फिरा. ओल्या हिमात काट्यांखाली गोळे तयार होतात, ते काठीने झटकत राहावं लागतं. उघड्या डांबरावर आणि दगडांवर चालून काटे बोथट होतात, म्हणून वाट कोरडी झाली की काढा.

वाटेवर नजर कशी ठेवायची? पांढरं, खरखरीत दिसणारं दंव धोक्याचं नाही, त्यावर बूट टिकतो. धोका आहे तो गडद, चकचकीत दिसणाऱ्या भागाचा. झऱ्याचं पाणी वाटेवरून वाहतं तिथे रुंद बर्फाची लादी तयार होते. कडेच्या गवतावरून किंवा हेदरच्या झुडपांवरून ती टाळा. कुंपण ओलांडायच्या लाकडी पायऱ्यांवर फळीच्या मधोमध नाही, खांबाजवळ पाय ठेवा आणि हात सुटा ठेवा. कार्नेथीच्या माथ्यावर कांस्ययुगातला दगडांचा मोठा ढिगारा आहे. त्यावर चढू नका, एक तर तो पुरातन आहे आणि दुसरं म्हणजे गोठलेले सुटे दगड घोटा मोडतात. माथ्यावरून खिंडीकडे उतरणारी वाटही दगडगोट्यांची आहे. तिथे आखूड पावलं, गुडघे थोडे वाकलेले, टाच रोवण्याऐवजी पूर्ण तळवा टेकवायचा. दोन काठ्या असतील तर उतरणीआधी पाच-दहा सेंटीमीटरने लांब करा, पण मनगटाचा पट्टा काढून टाका. पडताना काठी हातात अडकली की मनगट जातं.

खिंडीत पोचलात की थांबून उत्तरेकडची उतरण नीट बघा. ही ती ऊन न लागणारी बाजू. पांढरी, कोरडी दिसली तर उतरा. पाण्याचा ओघळ गोठून वाटभर पसरलेला दिसला तर काटे चढवा. त्याच्यावर ताजं हिम असेल आणि खाली काय आहे ते कळत नसेल तर कार्नेथीवरून परत जा. त्यासाठी सव्वाशे-दीडशे मीटर पुन्हा चढावं लागेल, आणि म्हणूनच वेळेत ती शिल्लक ठेवलेली आहे.

जलाशय गोठलेले दिसतील. मुलीला आधीच बजावून ठेवा, मोठ्यांनीही पाय टाकून बघायचा मोह टाळा. त्या हवेत बर्फ माणसाचं वजन पेलेल इतका जाड क्वचितच होतो, आणि धरणाच्या पाण्याची पातळी खालीवर होत असल्याने त्याखाली पोकळीही असू शकते. कोणाचा कुत्रा त्यावर गेला असेल तरी त्याच्यामागे जायचं नाही.

शेवटचा डांबरी रस्ता सगळ्यांना सोपा वाटतो. काटे काढलेले असतात, गप्पा सुरू होतात, मोबाइल बाहेर येतात. झाडांच्या आणि टेकडीच्या सावलीत तिथे डांबराच्याच रंगाचा पारदर्शक बर्फ असतो. मनगटावर आपटणं इथेच होतं. रस्त्याच्या कडेच्या गवतावरून चाला.

खाण्याच्या बाबतीत मात्र संक्रांत तुमच्या मदतीला आहे. गूळपोळीइतकं या हवेला योग्य खाणं नाही. तीळ, गूळ, बेसन, दाणे, म्हणजे चरबी आणि साखर दोन्ही. चार दिवस टिकते, गारठली तरी खाता येते. तूप मात्र घरीच लावून आणा, वर डबीतलं तूप दगड झालेलं असेल. तिळाचे मऊ लाडू चालतील. कडक चिक्की आणि चॉकलेटचे चिवट बार थंडीत दाताला भारी पडतात, ते आतल्या खिशात ठेवा. खारं म्हणून मेथीचे पराठे किंवा धपाटे, हातमोजा न काढता धरता येतील असे चतकोर करून, एकेक वेगळ्या कागदात. मोठा डबा मांडून गोल बसायची आपली पद्धत इथे सोडावी लागेल. दर तासाला चालता चालता चार घास, आणि एकच मोठा थांबा, तोही दहा-बारा मिनिटांचा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला, पाठपिशवीवर बसून. गोठलेल्या जमिनीवर थेट बसलात तर ती उष्णता खेचून घेते.

थर्मासात आधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, मग ते ओतून चहा भरा. चहा जास्त वेळ गरम राहतो. दुधाचा चहा चार तासांनी शिळकट लागतो. आलं आणि गवती चहा घालून कोरा, गूळ घातलेला काढा न्या. तिघांमागे एक लिटर पुरतो. प्यायचं पाणी माणशी एक लिटर, निघताना कोमट, आणि बाटली पिशवीत उलटी ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकण खाली असेल तर ते मोकळं राहतं. नळीने प्यायच्या पिशव्या नकोत, नळी पहिल्या तासात गोठते. तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि दुपारी डोकं दुखायला लागतं.

चालताना सगळ्यांत सावकाश माणूस पुढून दुसरा असावा आणि वाट माहीत असलेला एकजण कायम शेवटी. गट तुटतो तो नेहमी कपडे काढण्याघालण्याच्या वेळी. एकजण बूट बांधत बसतो, बाकीचे थंडी वाजते म्हणून सरकतात. कोणी थांबलं की सगळे थांबायचे. दम्याचा पंप कोणाचा असेल तर तो छातीजवळच्या खिशात, पिशवीत नाही. थंड, कोरडी हवा चढावर दम उठवते. तोंडावर ती गळ्यातली पट्टी ओढून घेतली तर बरं वाटतं.

मुलीकडे आणि नवख्या दोघांकडे लक्ष ठेवायचं ते बोलण्यावरून. बडबडणारं माणूस गप्प झालं, पायात पाय अडकू लागला, जिभेला जडपणा आला, जॅकेटची चेन स्वतःची स्वतःला लावता येईना, की शरीराचं तापमान उतरायला लागलं आहे असं समजा. लगेच आडोसा, कोरडा थर, कानटोपी, गोड गरम पेय, खाणं. हातपाय चोळू नका, ब्रँडी वगैरे देऊ नका. कुडकुडणं थांबलं आणि तरी माणूस सुस्तच असेल तर ते बरं होण्याचं लक्षण नाही, उलट आहे, मदत बोलवा. यासाठीच एका पाठपिशवीत आठ जण मावतील अशी नायलॉनची निवारा-पिशवी हवी. सगळ्यांनी डोक्यावरून ओढून आत बसायचं. काही मिनिटांत आतली हवा उबदार होते. पाय मुरगळलेला माणूस चालायचा थांबतो आणि इतरांपेक्षा कितीतरी लवकर गारठतो, हे तरुण गटांच्या ध्यानात येत नाही.

मदतीसाठी 999 लावा, आधी पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. हे पथक स्वयंसेवकांचं असतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत, त्यामुळे खर्चाच्या भीतीने उशीर करू नका. दरीत आवाज पोचत नाही पण संदेश जातो, म्हणून घरूनच 999 ला रजिस्टर हा इंग्रजी शब्द संदेशाने पाठवून नोंदणी करून ठेवा. शिट्टीची खूण मिनिटाला सहा फुंकरी, मग एक मिनिट थांबून पुन्हा. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते. नकाशा आधी उतरवून ठेवा, मोबाइल विमान-मोडवर अंगालगतच्या खिशात. ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर 344 हा कागदी नकाशा आणि होकायंत्र निदान दोघांकडे असावं. आणि दुपारी परतणार असलात तरी माणशी एक हेडटॉर्च, नव्या सेलसकट.

नवख्यांसाठी एक सराव करून घ्या. आदल्या शनिवारी, दंव पडलेल्या सकाळी, शहरातल्याच ब्लॅकफर्ड हिलवर (164 मीटर) सगळा जामानिमा घालून तासभर चाला. बूट चावतात का, हातमोज्यांसह काटे चढवता येतात का, कोणाला किती घाम येतो, हे तिथेच कळेल. आर्थर्स सीट मात्र त्यासाठी निवडू नका. 251 मीटरच असली तरी तिचा माथ्याजवळचा खडक लाखो पायांनी गुळगुळीत झालेला आहे आणि गोठल्यावर तो पेंटलंडच्या कुठल्याही वाटेपेक्षा निसरडा असतो.

निघायच्या सकाळी घरी राहणाऱ्या कोणाला तरी वाट, गाडीचा नंबर आणि "साडेचारपर्यंत फोन आला नाही तर चौकशी कर" एवढं लिहून पाठवा, आणि परतल्यावर तो फोन खरोखर करा. गाडीत प्रत्येकाचे कोरडे मोजे आणि एक जादा थर्मास ठेवा. चालकाला डोळ्यांवर येणाऱ्या तिरप्या उन्हासाठी काळा चष्मा हवा. सकाळी ए702 वर सावलीच्या वळणांवर बर्फ असतो, त्यामुळे घरून पंधरा मिनिटं आधी निघा, आणि काचेवरचं दंव पूर्ण खरवडूनच गाडी हलवा.